कात्रण कोणाची?

मागच्या भागाच्या शेवटी आम्ही तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. नायमेखनहून आलेल्या एका प्रश्नाने आमचे दोन आठवडे खाल्ले. प्रश्न असा: देव्हाऱ्यामागे लावायला तांब्याचा पत्रा आणलाय, त्याला महिरपीचा आकार द्यायचाय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचा, भिंती पातळ. ग्राइंडर घेऊ, कात्री घेऊ, की फाइल पाठवून लेझरवर कापून मागवू?

रेकॉर्डिंगमध्ये आम्ही एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे झालो: पत्र्याची कात्री घे. उत्तर चुकलं नव्हतं, पण अर्धवट होतं. कारण घरात बसून पत्रा कापणं हा तुमच्या-माझ्यासाठी रविवारचा छंद असला, तरी पुण्याच्या कसबा पेठेत कित्येक पिढ्या तो पोटापाण्याचा भाग होता, आणि तोही घरातच. मग तो तिथल्या घरांतून बाहेर का गेला? आणि आता नायमेखनच्या तिसऱ्या मजल्यावर परत कसा आला? हत्याराची निवड या प्रश्नाशी बांधलेली आहे, म्हणून हा लेख जरा लांबणार आहे.

आधी एक काम करा. पुढच्या वेळी भारतात गेलात की आजीच्या माळ्यावरचा तांब्याचा हंडा, घंगाळ किंवा पाणी तापवायचा बंब खाली काढा. वस्तू जुनी असेल तर तिच्या पोटावर किंवा बुडाजवळ एक नागमोडी, दातेरी रेघ दिसेल. बाहेरून घासून घासून पुसट झाली असली तरी आतून हात फिरवला की लागते. बऱ्याच जणांना ती नक्षी वाटते. तो सांधा आहे. पत्र्याच्या एका कडेला कात्रीने ठरावीक अंतरावर चिरा द्यायच्या, तयार झालेले दात एक आड एक वर-खाली वाकवायचे, त्यांच्या फटीत दुसरा पत्रा सरकवायचा, दात ठोकून सपाट करायचे आणि मग झाळून सांधा पक्का करायचा. नुसत्या कडेला कड लावून झाळलं तर ठोकताना सांधा उघडतो. दात घातले की जोड देणारी लांबी वाढते आणि ठोक्याचा ताण वाटला जातो.

आता नायमेखनमध्ये एखाद्या क्रिंगलोपविंकलमध्ये जा, म्हणजे तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तांब्याची काळी पडलेली डच किटली किंवा पातेलं हमखास मिळतं. उलटं करून बघा. वस्तू पुरेशी जुनी असेल तर तीच दातेरी रेघ. कोपरस्लाखरने, म्हणजे डच तांबटाने, तोच प्रश्न त्याच पद्धतीने सोडवलाय. कुणी कुणाकडून शिकलं असं शोधत बसायची गरज नाही. पत्रा कापायचा, वाकवायचा आणि जोडायचा म्हटलं की धातूच तुम्हाला त्या उत्तराकडे ढकलतो.

खुद्द तुमच्या गावाचा पत्रेकामाचा इतिहास तर दोन हजार वर्षांचा आहे. नायमेखनच्या हुनेरबेर्ख टेकडीवर इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लष्कराची छावणी होती. दहावं लिजन तिथे साधारण इ.स. ७१ पासून तीसेक वर्षं होतं. शेजारच्या कॉप्स पठारावर आणि वाल नदीच्या गाळात घोडेस्वारांची मुखवट्याची शिरस्त्राणं सापडली. सगळ्यात प्रसिद्ध मुखवटा १९१५ साली वाल नदीकाठच्या वाळूखडीत मिळाला आणि तो फाल्कहोफ म्युझियमच्या संग्रहात आहे. यातल्या काही शिरस्त्राणांत लोखंडाच्या सांगाड्यावर दुसऱ्या धातूचा अगदी पातळ पत्रा चढवलेला आहे. डोळ्यांच्या फटी, कानांच्या कडा, ओठांमधली चीर, हे सगळं कुणीतरी हाताने कापून, कानसून गुळगुळीत केलंय. सैनिकाच्या गालाला धारदार कड लागून चालत नाही. पत्रा कापणं आणि कापलेली कड मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं टाळलं की पहिलं फुकट जातं, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. (मला नव्हतं. त्याबद्दल पुढे.)

आता पुण्याकडे येऊ. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईत भरभराटीला आली. कोकणातून आलेल्या तांबटांना इथे वसवलं असं आळीत सांगतात. राजधानीला भांडी हवी होती, देवळांना कळस आणि घंगाळं, सरदारांना डेगा आणि हंडे. समाज त्वष्टा कासार, देवी कालिका, आणि रचना अशी की पुढे काम, मागे संसार. ऐरण ओट्याजवळ, भट्टी त्याच्या आत, चूल त्याच्याही आत. भांडं घडवून झालं की वरून एकसारख्या छोट्या ठोक्यांनी ते मठारायचं. मठारकामाच्या त्या चकचकणाऱ्या खळ्या नुसत्या दिसायला सुंदर नसतात. ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडं आकार धरून ठेवतं.

पण तांबं कुठून यायचं? इथे डच पुन्हा येतात. महाराष्ट्रात तांब्याचा मोठा साठा काढला जात नव्हता, माल समुद्रावरून यायचा. सतराव्या शतकात त्याचा एक मोठा झरा होता जपान. १६४१ पासून डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी, नागासाकीच्या बंदरातल्या देशिमा या छोट्या कृत्रिम बेटावर कोंडलेली होती. युरोपीयांपैकी फक्त तिलाच जपानशी व्यापाराची मुभा होती. तिथून ती ओसाकात शुद्ध केलेलं तांबं उचलायची आणि सुरत, कोरोमंडल, बंगाल इथे विकायची. हा व्यवहार केवढा होता याचा अंदाज जपानच्याच एका निर्बंधावरून येतो. देशातलं तांबं संपत चाललंय या चिंतेने १७१५ मध्ये शोगुनाच्या सरकारने डचांवर मर्यादा घातली: वर्षाला दोन जहाजं आणि १५ लाख कॅटी तांबं. म्हणजे साधारण ९०० टन. ही कपात केल्यानंतरची मर्यादा, हे लक्षात घ्या. क्रिस्टॉफ ग्लामान या डॅनिश इतिहासकाराने १९५८ मध्ये डच-आशियाई व्यापारावर पुस्तक लिहिलं, त्यात जपानी तांब्याला स्वतंत्र प्रकरण दिलंय. आपल्याकडे वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष आहेत. ती १६३७ च्या सुमाराची, मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला बांधलेली. पण तांब्याचा खरा बाजार सुरतेला होता.

आता इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे जपानी तांबं पत्रा म्हणून येत नव्हतं. ते बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या कांड्यांच्या रूपात यायचं. कांडी वितळवायची, भांड्याच्या वजनाइतकी वडी ओतायची आणि ती ठोकून ठोकून पसरवायची. चार माणसं आळीपाळीने घण घालणार, मध्ये तापवून मऊ करणार, पुन्हा घण. अशी वडी पसरते तीच मुळी गोल. कडेचा वेडावाकडा भाग कात्रीने छाटला की झालं. कापणं हे शेवटचं, किरकोळ काम. वाया जाणारं जवळजवळ काहीच नाही, आणि जे छाटलं ते पुढच्या वडीत.

एकोणिसाव्या शतकात हे उलटलं. इंग्लंड-वेल्सच्या भट्ट्यांचं तांबं आणि तिथल्या रोलिंग मिलमधून लाटलेले पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले. पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ मध्ये छापलं गेलं, तेव्हा शहरातल्या कारागिरीत तांब्या-पितळेची भांडी हा धंदा अग्रस्थानी होता. पण कच्चा माल आता मोठ्या प्रमाणात मुंबईहून आलेला पत्रा होता. घणांचं सगळ्यात कष्टाचं काम वाचलं. त्याऐवजी कात्र आली. चौकोनी पत्रा समोर आहे आणि भांडं गोल आहे, म्हणजे कापावंच लागणार.

आणि चौकोनातून गोल कापला की कोपरे उरतात. किती? जरा आकडेमोड करू. चौरसात बसणारा मोठ्यात मोठा गोल चौरसाचा ७८.५ टक्के भाग व्यापतो. २१.५ टक्के कात्रण. शंभर किलो पत्रा आणला तर साडेएकवीस किलो तांबं सुरुवातीलाच बाजूला. मोठ्या पत्र्यावर गोल मधाच्या पोळ्यासारखे तिरके रचले, तर ही नासाडी नऊ-साडेनऊ टक्क्यांपर्यंत आणता येते, पण त्याला मोठा पत्रा, एकाच मापाची पुष्कळ भांडी आणि हातात भांडवल लागतं. लहान तांबटाकडे तिन्ही नव्हतं. त्याच्याकडे परकार होता आणि अनुभव होता: मोठ्या गोलाच्या कोपऱ्यात छोट्या वाटीचा गोल, त्याच्या कोपऱ्यात पळीचं पान, आणि उरलेलं मुशीत.

घरात कापणाऱ्याची कात्रण घरातच राहते. हे वाक्य मी मुद्दाम इतकं साधं लिहितोय, कारण पुढचा सगळा बदल त्यात आहे. व्यापाऱ्याने पत्रा वजनावर दिला आणि भांडी वजनावर परत घेतली, तर मधल्या कात्रणीचा हिशेब कोण ठेवणार? दिलेल्या धातूत 'घट' किती धरायची, हा जगातल्या प्रत्येक धातुकामाच्या पेठेतला कायमचा वादाचा मुद्दा. सोनाराबद्दलच्या आपल्या सगळ्या म्हणी या घटीभोवतीच फिरतात. तांबं सोन्याइतकं महाग नसलं तरी साडेएकवीस टक्के म्हणजे गंमत नाही.

विसाव्या शतकात गिरण्यांनी पत्र्याऐवजी थेट चकत्या विकायला सुरुवात केली. प्रेसखाली एका दणक्यात कापलेल्या, एका मापाच्या, गोल. आजही धातूच्या बाजारात तांब्या-पितळेच्या 'सर्कल'चा वेगळा भाव असतो. कारागिराचा वेळ वाचला, हाताचे घट्टे कमी झाले, आणि कात्रण गिरणीतच राहिली. वाटाघाटीतला एक लहानसा, पण हक्काचा तुकडा घराबाहेर गेला. यावर कुणी मोर्चा काढला नाही. चकती स्वस्त आणि सोयीची होती, आणि ती नाकारण्याइतका मोकळा वेळ कुणाकडेच नव्हता. मग साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील आलं आणि आपल्या आयांनी मोडीच्या दुकानात तांब्याचे हंडे देऊन स्टीलचे डबे आणले. तुमच्या घरातही हे झालं असेल, विचारून बघा. मोडीतलं तांबं पुन्हा वितळतं, म्हणून जपानची कांडी, वेल्सचा पत्रा आणि कुणाच्या तरी पणजीचा तांब्या हे सगळं आज एखाद्या विजेच्या तारेत एकत्र असू शकतं.

एक गोष्ट मात्र घरातच राहिली. आवाज. तांबट आळीतल्या वयस्कर कारागिरांना कमी ऐकू येतं, हे तिथे कुणी लपवत नाही. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार कामाच्या जागी दिवसभराचा सरासरी आवाज ८० डेसिबल झाला की मालकाने कानाचं संरक्षण उपलब्ध करून द्यायचं आणि ८५ ला ते वापरलं जातंय हे बघायचं. भारतातला १९४८ चा कारखाना कायदा साधारणपणे वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांपासून लागू व्हायचा. बाप, दोन मुलं आणि एक पुतण्या जिथे ठोकतायत ते 'घर' असतं, कारखाना नव्हे. कात्रण घराबाहेर जाताना कुणाला परवानगी लागली नाही, आणि आवाज घरात राहिला त्याचीही कुठे नोंद झाली नाही. 'घरगुती उद्योग' हा शब्द पुढच्या वेळी प्रेमाने वापरताना हे आठवू द्या.

आता तुमचा पत्रा.

पहिल्यांदा जाडी. दुकानात विचारण्याआधी एक घोटाळा समजून घ्या. भारतात पत्रा गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. ब्रिटिश गेज १८८४ पासून कायदेशीर माप झालं, आपण तेच धरून बसलोय: १८ गेज म्हणजे १.२२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. अमेरिकेत तांब्या-पितळेचं गेज वेगळं, तिथलं २० म्हणजे ०.८१. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेलं गेज आणि अमेरिकन व्हिडिओतलं गेज एक नाही. नेदरलँड्समध्ये सरळ मिलिमीटर बोला, सगळ्यांचं भलं होईल.

जाडीला इतकं महत्त्व का? तिरक्या पात्याने पत्रा कापताना लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट, जोर चौपट. ०.५ चा पत्रा कागदासारखा कापणारी कात्री १ मिलिमीटरला हाताला फोड आणते, ती तुमची कमजोरी नसते. जुन्या मोठ्या कात्री इतक्या लांब दांड्यांच्या का असत, ते यावरून कळेल. एक दांडा ओंडक्यात किंवा जमिनीत रोवून स्थिर करायचा आणि दुसऱ्यावर शरीराचा भार टाकायचा. मनगटाची नव्हे, अंगाची ताकद. मांडी घालून बसलेल्या कारागिराचा पाय हा तर आपल्याकडचा सगळ्यात जुना शिकंजा.

तुमच्या कामाला ०.७ पुरेसा आहे आणि त्यासाठी दुहेरी सांध्याची कात्री घ्या, जिला इथे 'ब्लिकस्खार' म्हणतात. ब्लिक म्हणजे पत्रा, स्खार म्हणजे कात्री. दुहेरी सांध्याची ही जात विमानांचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापायला आली. साधारणपणे लाल मूठ डावीकडे वळणाऱ्या कापासाठी, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. उजव्या हाताने काम करणाऱ्याने एकच घ्यायची असेल तर लाल घ्यावी, कारण मग उरलेला पत्रा हाताच्या आड येत नाही. पातं कधीही पूर्ण मिटू देऊ नका. टोकाशी थोडं उघडं असतानाच पुढे सरकवा, नाहीतर प्रत्येक मिटण्याच्या जागी कडेला एक छोटं आडवं टोक राहतं आणि ते बोटाची वाट बघत बसतं.

कात्रीचा मोठा गुण असा की ती धातू खात नाही. करवत, ग्राइंडर, लेझर ही सगळी आपल्या पात्याच्या जाडीइतकं तांबं भुगा करतात किंवा जाळतात. कात्री फक्त दुभागते. मोबदल्यात ती एक बाजू थोडी वाकवते. म्हणून रेघेवर पहिल्याच फेरीत कापू नका. आधी दोन-तीन मिलिमीटर बाहेरून ढोबळ कापा, मग अरुंद पट्टी काढा. अरुंद पट्टी स्वतः वळते आणि तुमचा भाग सपाट राहतो.

पण महिरप म्हणजे नुसता अर्धगोल नाही. तिला पाकळ्या असतात आणि दोन पाकळ्यांमध्ये आत शिरणारा कोपरा असतो. तिथे कात्री हरते. तिथे सोनाराची बारीक करवत लागते, चौकटीत ताणलेलं केसासारखं पातं. पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे कापणं खाली ओढताना होतं. पातं निवडताना पत्र्याच्या जाडीत निदान दोन, शक्यतो तीन दात एका वेळी बसले पाहिजेत, नाहीतर दात पत्र्याला अडकतो आणि पातं तुटतं. पाती डझनाने घ्या, पहिली सहा तुटणार. मधूनमधून मेण लावा. टेबलाला व्ही आकाराची खाच पाडलेली फळी आवळली की झाली तुमची कार्यशाळा. आवाज? चहा ढवळण्याइतका. रात्री दहा वाजता केलं तरी खालचा शेजारी उठणार नाही.

ग्राइंडर नको, आणि हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी बाल्कनीत उभं राहून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ग्राइंडरने कापला. कड गरम होऊन काळी पडली, मुलामा जळाला. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री फ्लूसारखी थंडी भरते, हे मला नंतर वाचायला मिळालं, आधी नाही. कापलेली कड कानसायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी तोच तुकडा उचलताना अंगठा उघडला. हातमोजे होते, कपाटात. शिवाय शेजारच्या आजींनी दार वाजवून अत्यंत नम्रपणे विचारलं की हे अजून किती वेळ चालणार आहे. डच नम्रपणा ज्यांनी अनुभवलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

निबलर नावाचं एक यंत्र मिळतं, ते पत्रा कुरतडत जातं. वळणं छान घेतं, पण चंद्रकोरीसारखे टोकदार तुकडे घरभर उडवतं. गालिच्याच्या घरात आणि रांगत्या मुलाच्या घरात ते आणू नका.

आणि लेझर? वाईट नाही. तांबं चकचकीत असल्यामुळे जुनी कार्बन डायऑक्साइडवाली लेझर त्यावरून परतते, पण फायबर लेझर नीट कापते. फाइल पाठवा, आठवड्यात पाकीट दारात. फक्त इतकं लक्षात ठेवा की चकतीच्या बाबतीत तांबट आळीत जे झालं तेच इथे होतं. तुम्ही पूर्ण पत्र्याचे पैसे देता आणि कात्रण त्यांच्याकडे राहते. यात कुणी तुम्हाला फसवत नाहीये, तो व्यवहारच तसा आहे. शंभर एकसारखे तुकडे हवे असतील तर मीही लेझरलाच देईन. एका महिरपीसाठी नाही.

कापून झाल्यावर कड. बारीक कानस, एकाच दिशेने, मग पॉलिश पेपर. बोट नव्हे, कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे अजून काम बाकी आहे. उघडी राहणारी खालची कड पाच मिलिमीटर दुमडून घेतलीत तर उत्तम. पत्रा सपाट आणि ताठ राहतो आणि आरतीच्या वेळी कुणाचा हात कापत नाही. दुमडताना तांबं कडक लागलं तर ते काठाशी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडायचं, मऊ पडतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे करायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा. स्मोक अलार्म माझ्याकडे तक्रार करणार नाही. दुकानातून घेतानाच मऊ पत्रा मागितला तर हा प्रश्नच येत नाही.

गेल्या दीड दशकात तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर इंटॅकच्या पुणे शाखेने आणि काही डिझायनरांनी नवी रूपं घडवायचं काम केलंय: दिवे, ट्रे, पाण्याचे तांबे. मठारकामाची खूण तीच, गिऱ्हाईक नवं. त्यातल्या वस्तू युरोपातही पोचतात. तुम्ही विकत घेतलीत तर चांगलंच आहे. पण स्वतः अर्धा तास करवत चालवल्यावर त्या वस्तूची किंमत तुम्हाला महाग वाटणार नाही, निदान मला तरी वाटेनाशी झाली.

राहिली तुमची कात्रण. प्रश्नात पत्र्याचं माप दिलं होतं, ६० बाय ३० सेंटिमीटर. जाडी ०.७ धरली तर पत्रा साधारण १ किलो १३० ग्रॅमचा. त्यातून ३० सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल काढलात की वरचे दोन कोपरे उरतात, मिळून सुमारे २४० ग्रॅम. ते फेकू नका आणि भंगारवाल्याला लगेच देऊही नका. एका कोपऱ्यातून दिव्याखालची तबकडी निघते, दुसऱ्यातून आंब्याची पानं, दाराच्या तोरणाला पुरतील इतकी. आधी कागदाची पानं कापून कोपऱ्यावर मांडून बघा, देठ आतल्या बाजूला ठेवलेत तर एक-दोन पानं जास्त बसतात.